टेबलाखालची पाचर

जेवणाचं टेबल डुगडुगतंय, तेवढं एकदा बघू या, असं एका सोमवारी माझ्या मनात आलं. खाली माझ्या दुकानात गेलो, हाताला लागली ती लाकडी पाचर आणली आणि टेबलाच्या पायाखाली सारली. पुढे काय होणार हे कळलं असतं, तर मी उभ्याने जेवलो असतो.

तसं ते टेबल तीस वर्षं डुगडुगतच होतं. पण पलीकडे माझी बायको रेमे बसायची, तिचं कोपर त्या कोपऱ्यावर असायचं, आणि मला वाटायचं टेबल भक्कम आहे. (असं मला बऱ्याच बाबतींत वाटायचं.) बहिणीचं कंबरेचं हाड मोडलं म्हणून रेमे तीन आठवड्यांसाठी समुद्रकाठच्या मोत्रीलला गेली, त्याला आता चार महिने होत आले होते. बहीण केव्हाच बरी झाली होती. कुणाच्या तरी लग्नात नाचली, असंही कानावर आलं.

खरं कारण मला ठाऊक होतं. इथे स्पेनमध्ये, आमच्या ग्रानादाच्या चढावर गिटार घडवणारे दाराला दार लागून बसलेत, त्यांतला मी एक. रेमे वाजवते सुरेख. लग्नात मी तिला शब्द दिला होता, तुझ्यासाठी एक घडवीन. घडवल्या की, चांगल्या सहा घडवल्या. दर वेळी कुणीतरी गिऱ्हाईक येई, नेमकी तिचीच गिटार छातीशी धरी, आणि ती विकून मी म्हणे, "रेमे, पुढची तुझी." सहाव्या वेळी ती उठली. बॅग भरायला लागली.

"सातवी करतोय," मी फोनवर म्हणालो. "झाली की ये."

"आणि मध्येच गिऱ्हाईक आलं तर?"

"दुकान बंद ठेवतो."

"बघते," ती म्हणाली. त्या 'बघते'वर मी दोन महिने काढले.

सातवीत मी जीव ओतला. गिटारीच्या वरच्या फळीला आतून पंख्यासारख्या सात बारीक पट्ट्या चिकटवतात. फळी तारांच्या ताणाने बसू नये, पण आवाजही कोंडू नये. मी एकेक पट्टी तासत होतो, बोटाने टकटक करून कान लावत होतो. मला रेमेचा सकाळचा आवाज हवा होता, कॉफीच्या आधीचा, जरासा खरखरीत. तो सापडला त्या दिवशी मी चक्क रडलो.

"काय रे आन्सेल्मो, बोट कापलंस का?" शेजारच्या दुकानातल्या फेर्मीनने दारातून विचारलं. मी हो म्हणालो.

मग फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं, 'रेमे, तुझ्यावाचून करमत नाही.' (गिटार बंद झाली की ते कुणाला दिसत नाही. मला पत्रं लिहिता येतात ती अशीच.)

राहिली मान, म्हणजे बोटांनी तारा जिथे दाबतात तो लांब दांडा. परदेशात म्हणे मान वेगळी करून बोल्टने आवळतात. आमच्यात फळी आणि मान एका पाटावर पालथी ठेवतात, बाजूच्या पट्ट्या मानेच्या खाचांत सरकवतात आणि सरस लावून पाठ बंद करतात. मग ती मान जन्माची बसली. गिऱ्हाइकांना मी छाती फुगवून सांगतो, "हे लग्नासारखं असतं." (रेमे घरी असताना यावर आतून खोकला ऐकू यायचा.)

आता मान किती झुकावी, हे पाटाच्या टोकाशी, मानेखाली ठेवलेली एक पाचर ठरवते. ती पाचर कुठे होती हे तुम्हाला आठवत असेल. मला आठवलं नाही. मी वरती मसूर खात होतो आणि टेबल किती छान स्थिर झालंय म्हणत होतो.

शनिवारी तारा चढवल्या. त्या मानेपासून इतक्या उंच गेल्या की त्यांवर मोजे वाळत घालावेत. फेर्मीनने वाकून पाहिलं.

"पाचर ठेवली होतीस ना?"

मी वर जाऊन टेबलाखाली डोकावलो आणि तिथेच फरशीवर बसलो.

"मान काप आणि नवी बसव," फेर्मीन म्हणाला.

"उद्या येतेय ती."

"मग आजारी आहे म्हणून सांग."

"कोण, मी?"

"गिटार."

रविवारी रेमे आली. समुद्राच्या उन्हाने रापली होती. बॅग तिने दाराबाहेरच ठेवली. गिटार मांडीवर घेतली आणि मोकळ्या तारा छेडल्या. स्वयंपाकघरात तिचाच आवाज भरून राहिला. तिने तारा पुन्हा एकदा छेडल्या. मग डाव्या हाताने तार दाबायला गेली, ती दबेना. अंगठा लावून पाहिला, तरी दबेना.

मी सगळं सांगून टाकलं. "तू गेल्यापासून टेबल हलत होतं, रेमे. मला ते बघवेना."

तिने गिटार मांडीवर आडवी ठेवली.

"म्हणजे ही कुणालाच वाजवता येणार नाही?"

"नाही."

"तुझ्या एकाही गिऱ्हाइकाला?"

"फुकट दिली तरी कुणी नेणार नाही," मी मान खाली घालून म्हणालो.

रेमे उठली, बाहेर गेली आणि बॅग आत घेऊन आली.

माझा जीव भांड्यात पडला. "उद्याच मान कापतो," मी घाईघाईने म्हणालो. "आठ दिवसांत अशी वाजेल की बघत राहशील."

"हात लावायचा नाही," रेमे म्हणाली. "नीट झाली की विकशील."