वासाचा तपास

"घरात काहीतरी मेलंय," चहाचा कप टेबलावर ठेवता ठेवता बायकोने जाहीर केलं.

चष्मेवाले वर्तमानपत्रामागे गेले. चष्म्याचं दुकान मुलाच्या हाती देऊन त्यांना बराच काळ लोटला होता, पण नाव अंगाला चिकटलं ते चिकटलंच. वास कुठून येतोय हे त्यांना अगदी नेमकं ठाऊक होतं. तो टेबलाखालून, त्यांच्या डाव्या घोट्याच्या चार बोटं वरून येत होता.

सगळा जन्म काउंटरमागे उभ्याने गेला होता. पायाच्या शिरा फुगल्या आणि एक जखम झाली ती काही केल्या भरेना. बायकोच्या भावाचं औषधांचं दुकान होतं. त्याने एक मलम दिलं. जखम त्या मलमाला बधली नाही. मग इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की न भरणाऱ्या जखमांवर आम्ही एका नव्या पट्टीचा अभ्यास करतोय, तुम्ही त्यात याल का? चष्मेवाल्यांनी घरी येऊन विषय काढला.

"तुमच्यावर प्रयोग?" बायको म्हणाली. "का, ससे संपले त्यांच्याकडचे?"

विषय तिथेच मिटला. दुसऱ्या दिवशी चष्मेवाले परस्पर इस्पितळात जाऊन सही करून आले, आणि आठवड्याने घरी सांगितलं, "तुझ्या भावाचं मलम लागू पडलं हो. जखम भरली." बायकोला इतका आनंद झाला की तिने आधी भावाला फोन केला आणि मग उरलेल्या जगाला. भाजीवालीपर्यंत सगळ्यांना त्या मलमाचं नाव पाठ झालं. त्यानंतर खरं सांगायची सोयच उरली नाही. चष्मेवाले घरात पायमोजे घालून वावरू लागले.

"निम्म्या लोकांना जुनी, साधी पट्टी असते. ती रोज बदलायची," इस्पितळातल्या नर्सने त्यांना समजावलं होतं. "कॉम्प्युटरच्या सोडतीत तुम्हाला नवी आलीय. ही आठवडाभर उघडायची नाही. जरा वास येईल, काका. घाबरू नका, पण काढूही नका. मध्येच काढली तर आमचा अभ्यास बिघडतो."

'जरा' या शब्दाचा अर्थ माणसागणिक वेगळा असतो, हे चष्मेवाल्यांना तिसऱ्या दिवशी कळलं.

बायकोचा पहिला संशय उंदरावर गेला. कपाट हलवलं. हलवायला अर्थात चष्मेवालेच होते. कपाटामागे एक जुना कंगवा मिळाला, उंदीर मिळाला नाही. मग फ्रिज ओढला. मग नळवाला आला. त्याने मोरीच्या जाळीत तोंड घातलं, मान हलवली आणि म्हणाला, "पाइप बदलायला लागेल." पाइप बदलला. संध्याकाळी बायको स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली, डोळे मिटून तिने हवा ओढली आणि म्हणाली, "आहेच."

"पाइप नवा आहे, रात्रीत जाईल वास," चष्मेवाले म्हणाले.

"तुम्हाला येत नाही का वास?"

"मला सर्दी आहे."

बायको हुशार होती, आणि घात झाला तो तिच्या हुशारीनेच. चार दिवस वासावर पाळत ठेवून तिने निष्कर्ष काढला. "अहो, ऐका. संध्याकाळी तुम्ही आणि समोरचे कंडक्टरभावजी त्यांच्या कुत्र्याला घेऊन फिरायला गेलात की तासभर घरात वासाचा पत्ता नसतो. तुम्ही परत आलात की पुन्हा सुरू."

चष्मेवाल्यांनी डावा पाय मागे घेतला. "मग?" त्यांनी विचारलं.

"मग काय? वास त्या कुत्र्याचा आहे."

कंडक्टर समोरच्याच दारात राहत. हयातभर चालत्या बसमध्ये उभं राहून तिकिटं फाडलेला माणूस. कुत्र्याचं नाव त्यांनी साहेब ठेवलं होतं. "नोकरीत एका साहेबाने कधी बस म्हटलं नाही," ते सांगत, "आता मीच साहेबाला बस म्हणतो." साहेब बसायचाही. म्हातारा, भुरकट, कान लोंबलेला कुत्रा होता तो. रोज संध्याकाळी तिघं कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत जाऊन येत. अलीकडे फारच सावकाश जात. आपण लंगडतो म्हणून कंडक्टर मुद्दाम हळू चालतात, असं चष्मेवाल्यांना वाटे, आणि या चांगुलपणाचा उल्लेख करून त्यांना अवघडवू नये, असंही वाटे.

बायकोने समोर जाऊन सांगितलं ते अगदी गोडीत. "राग मानू नका, पण साहेबाला एकदा आंघोळ घालता का?" दारात कंडक्टरांची सून उभी होती. सोफ्यावरच्या केसांवरून तिचं आणि साहेबाचं आधीपासूनच जमत नव्हतं. "बघा," ती सासऱ्यांकडे वळून म्हणाली, "आता शेजारीसुद्धा बोलायला लागले."

चष्मेवाले बायकोच्या मागे उभे होते. कंडक्टर काहीतरी तोडून बोलतील, निदान कुत्र्याची बाजू घेतील, अशी त्यांची अपेक्षा होती. पण कंडक्टरांनी मान खाली घातली. "असेल," ते म्हणाले. "वास असेल. माझं नाक डिझेलच्या धुराने केव्हाच गेलंय. मला कळत नाही."

साहेबाला आंघोळ घातली. वास गेला नाही. औषधी साबणाने पुन्हा घातली. कुत्रा जिन्यात थरथरत उभा राहिला आणि चष्मेवाल्यांकडे बघत राहिला. त्यांनी त्याला पुसायला आपला चांगला टॉवेल दिला. त्यापलीकडे त्यांच्याने काही झालं नाही. बोलायला दोनदा तोंड उघडलं होतं, पण दोन्ही वेळा बायको कुणाला तरी मलमाची महती सांगत होती.

रविवारी कंडक्टरांच्या मुलाने गाडी काढली. गावाबाहेर त्याच्या ओळखीच्या बाईंची रोपवाटिका होती, त्यांना कुत्रा हवाच होता. कंडक्टर खाली आले नाहीत. साहेब आपण होऊन गाडीत चढला, कारण गाडीत बसणं म्हणजे फिरायला जाणं, एवढंच त्याला माहीत होतं. चष्मेवाले खिडकीतून बघत होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत. बायकोला वाटलं, सर्दीच आहे.

दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायची होती. इस्पितळाच्या बाकावर त्यांच्या आधीच कुणीतरी बसलं होतं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायाला पांढरी पट्टी. त्यांनी वर पाहिलं. कंडक्टर होते.

दोघांनीही एकमेकांच्या पायांकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्ही माझ्यासाठी हळू चालत नव्हता तर," कंडक्टर म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मला चालवतच नव्हतं." त्यांनी आवाज खाली घेतला. "बरं झालं भेटलात. माझ्या छातीवर ओझं झालंय. तो वास साहेबाचा नव्हता हो. माझ्या या पायाचा होता. इथे बाकावर लोक बोलत होते, पट्ट्यांना वास येतो म्हणून. वहिनी आल्या तेव्हाच मी ओळखलं. पण जखमेचं घरी कळलं असतं तर मुलाने माझं कुत्र्याला फिरवणं बंद केलं असतं. म्हणून गप्प बसलो. आणि कुत्राच गेला." त्यांनी हात जोडले. "तुमच्या घरचा पाइपसुद्धा माझ्यापायी बदलला गेला. मला माफ करा."

सांगायची वेळ हीच होती. पुढे कित्येक दिवस चष्मेवाले स्वतःला हेच सुनावत राहिले. समोरचा माणूस हात जोडून बसला होता आणि एका वाक्याचं काम होतं. पण त्यांच्या तोंडून निघालं ते भलतंच. ते म्हणाले, "जाऊ द्या हो. माणसाच्या हातून चूक होतेच."

कंडक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमचं मन मोठं आहे," ते म्हणाले.

तेवढ्यात नर्स बाहेर आली. कंडक्टरांनी लगेच विचारलं, "सिस्टर, या वासाला काही उपाय नाही का?"

"तुमच्या? तुमची साधी पट्टी आहे, काका. रोज बदलता, तिला कुठला वास?" ती मोकळेपणी हसली. "वास या काकांच्या पट्टीला. मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय त्यांना. हो ना, काका?"

कंडक्टरांनी पँट खाली केली, कड नीट सारखी केली आणि आपली पाळी आल्यावर आत गेले. त्यांनी शिवी दिली असती तर चष्मेवाल्यांना बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर चष्मेवाल्यांनी बायकोला सगळं सांगितलं. पायमोजा काढून दाखवला. ती भावाचा कैवार घेऊन भांडेल, असं त्यांना वाटलं होतं. ती खुर्चीत बसली.

"मला भावाचं कौतुक होतं," ती म्हणाली, "पण म्हणून तुम्ही मला एवढं घाबरावं?" मग पदराला हात पुसत उठली आणि समोरच्या दारात जाऊन कंडक्टरांच्या सुनेला म्हणाली, "कुत्र्याला परत आणा. चूक आमच्या घरची आहे."

सून नाही म्हणाली नाही. सासरे जेवत नव्हते, हे तीही बघत होती.

पुढच्या रविवारी दोघे म्हातारे रोपवाटिकेत गेले. गाडीत कंडक्टर पुढे मुलाशेजारी बसले, चष्मेवाले मागे. साहेब कुंड्यांच्या रांगांमधून धावत आला. त्याला धावताना दोघांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याने कंडक्टरांचे हात चाटले, चष्मेवाल्यांचा डावा पाय लक्षपूर्वक हुंगला. मग बाईंनी कोपऱ्यातून "बाळ्या" अशी हाक मारली आणि तो तिकडे पळाला.

"न्यायचा असेल तर न्या," बाई म्हणाल्या. "तुमचाच आहे. पण इथे आल्यापासून मोकळा फिरतोय. नातू शाळेतून आला की त्याच्याशिवाय जेवत नाही."

कंडक्टर ओल्या मातीत उभे राहून कुत्र्याकडे बघत होते. "राहू दे," ते म्हणाले. "म्हातारपणी कुणाला दोनदा घर बदलायला लावू नये."

परतताना चष्मेवाल्यांनी मागच्या सीटवरून दोन-तीनदा खाकरून पाहिलं. शेवटी म्हणाले, "संध्याकाळी बागेकडे येणार का?"

"कशाला?" कंडक्टरांनी विचारलं. ते रागाने बोलले नव्हते. कुत्रा नसताना फिरायला कशाला जायचं, हे त्यांना खरंच कळत नव्हतं.

नव्या पट्टीने चष्मेवाल्यांची जखम महिन्याभरात भरली. डॉक्टरीणबाईंनी जागेचा फोटो काढला, इतर डॉक्टरांना बोलावून दाखवला. चष्मेवाल्यांचा पाय एवढ्या कौतुकाने आजवर कुणी पाहिला नव्हता. शेवटी नर्स कागद घेऊन समोर बसली.

"शेवटचाच प्रश्न, काका. पट्टीचा काही त्रास झाला?"

चष्मेवाल्यांनी विचार केला. "मला नाही झाला," ते म्हणाले.

नर्सने 'नाही' एवढंच लिहून घेतलं.