व्याह्यांच्या बैलाचं डावं शिंग

चिकटवण्याच्या कामात सबंध सौंसरमध्ये माझा हात धरणारा कोणी नाही! वाचनालयात नोकरी केली तेवढी वर्षं मी निखळलेल्या पुस्तकांच्या पाठी चिकटवल्या. मैद्याची खळ किती आटवायची, कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद किती घालायचं, हे मला विचारा. निवृत्त झाल्यावर तर मी लाकडाच्या गोंदांबद्दल मिळेल ते सगळं वाचून काढलं. प्रत्यक्षात लाकूड म्हणून काही चिकटवलं नव्हतं, एवढंच!

तर यंदा आमची नात तेजस्विनी तान्ह्या पोळ्यासाठी पांढुर्ण्याहून आमच्याकडे आली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं आपापले लाकडी बैल सजवून मिरवतात, तो तान्हा पोळा. पांढुर्ण्यात त्याच दिवशी गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून दगडफेकीची जत्रा. त्या गर्दीत पोरीला नको, असं तिच्या आईचं, आमच्या लेकीचं, वृषालीचं म्हणणं. पोरगी आली, पण बैल तिच्या बाबाच्या घरचाच पाहिजे म्हणून अडून बसली. मग तो आणायला मी पांढुर्ण्याला व्याह्यांकडे गेलो.

आमचे व्याही रघुनाथराव म्हणजे मोठे संत्रेवाले, आणि आवाज असा की बोलायला लागले की बागेतली संत्री गळावीत! त्यांनी बैल माझ्या हातात देताना डोळे पुसले.

"मोरेश्वरजी, आमच्या आजोबांनी घरच्या सागवानाचा कोरला हा. जिवापाड जपजा याले! थांबा, याची पेटी देतो."

"नको नको, मांडीवर नेतो," मी म्हणालो. पेटी जड दिसत होती.

बैल चादरीत गुंडाळून बसमध्ये बसलो. सौंसरच्या अलीकडे बसवाल्याने एका ब्रेकरवरून गाडी अशी उडवली, की बैल मांडीवरच राहिला आणि त्याचं डावं शिंग माझ्या मुठीत आलं!

घरी येऊन पाहिलं. शिंगाच्या बुडाशी गुळगुळीत, तेल प्यालेली खुंटी. कुठे कूस नाही, फाटलेलं लाकूड नाही. इतकं सफाईदार तुटणं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. एरवी मी कशावरही शंका घेतो. मी दाराला कुलूप लावून बाजारापर्यंत जातो आणि कुलूप लागलं का, हे बघायला परत येतो. पण शिंग तुटलं यावर मात्र मी क्षणभरही शंका घेतली नाही!

माझ्या बायकोने, रजनीने, कपाळावर हात मारला. "इवाईचा बैल तोडला तुम्ही! आता वृषालीले जन्मभर ऐकावं लागन. अन् ते तर पोळा पाहाले स्वतः येऊन राहिले!"

"ते येईपर्यंत चिकटवतो. मला गोंदातलं कळतं."

रजनीने जाऊन देवापुढे दिवा लावला.

मी कुलदीपच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. कुलदीपची मावशी पांढुर्ण्यात रघुनाथरावांच्याच गल्लीत राहते. त्यामुळे खरं बोलायची सोय नव्हती.

"काय चिपकवाचं हाय, काकाजी?"

"खुर्ची."

"पाय का हात?"

"शिं... हात."

"वजन किती पडन त्याच्यावर?"

"वजन नाही. फुगे बांधायचे आहेत."

"खुर्चीच्या हाताले फुगे?"

"वाढदिवस आहे ना."

"कोणाचा?"

"खुर्चीचा," मी म्हणालो. घाबरलो की मी शेवटचा शब्द धरून उत्तर देतो.

कुलदीपने माझ्याकडे फार मायेने पाहिलं. लाकडाचा पांढरा गोंद दिला आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "काकाजी, लावा, दोरीनं आवळून ठेवा अन् एक दिवस हात नका लावू. समजलं?"

समजलं. गोंद अगदी योग्य होता! मी वाचलेल्या प्रत्येक पानावर हेच लिहिलं होतं. मी लावला, दोरीने आवळला आणि समोर बसलो. उठलो. पाणी प्यालो. परत बसलो. आतून चिकटत असेल ना? बाहेरून कसं कळणार? दोरी जरा सैल करून हलवून पाहिलं. शिंग हातात!

परत लावलं. अंगणात फेऱ्या मारल्या. वर्तमानपत्र उघडलं, तर अक्षरांच्या जागी शिंगं दिसायला लागली. जाऊन हलवून पाहिलं. परत हातात!

"आजोबा, तुम्ही सारखं काढून राहिले तर ते चिकटन कसं?" तेजस्विनीने विचारलं.

"काढत नाही, बेटा. बघतोय."

दुसऱ्या दिवशी दोन नळ्यांचा गोंद आणला. दोन्हींतला समान घेऊन कालवायचा. समान झाला का? पहिल्यातला किंचित जास्त वाटला, म्हणून दुसऱ्यातला घातला. मग दुसरा जास्त वाटला. असं करता करता वाटी भरली! एका शिंगापुरता म्हणून जो लगदा तयार झाला, त्यात अख्खा गोठा चिकटला असता. आदल्या दिवसाचा पांढरा गोंद खरवडायचं भान कोणाला होतं? त्याच्यावरच थापला. आणि तासाभराने, फक्त खात्रीसाठी, हलकेच ओढून पाहिलं. शिंग आलं. सोबत तारही आली, पाकाची येते तशी.

पोळ्याच्या दिवशी गावभर बैल सजले होते आणि आमचा बैल पलंगाखाली एकशिंग्या पडून होता. जेवताना पुरणाची पोळीसुद्धा मला चिकटल्यासारखी लागली.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मी क्षणात चिकटणाऱ्या गोंदाची इवलीशी नळी आणली. "दाबून धरा, मिनिटात काम," असं तिच्यावर लिहिलं होतं. आधीच्या दोन थरांवर ती सगळी पिळली, शिंग बसवलं आणि दाबून धरलं. मिनिट संपलं. पण कंपनीचं मिनिट आणि आपलं मिनिट एकच कशावरून? आणखी थोडं धरलं. मग आणखी थोडं.

चिकटलं! असं चिकटलं, की मी आनंदाने ओरडलोच!

"मग हात काढा आता," रजनी म्हणाली.

"निघत नाही."

"शिंग?"

"हात."

तेवढ्यात दारातून आवाज आला, "रामराम, मोरेश्वरजी!"

रघुनाथराव! मागे एका माणसाच्या डोक्यावर बैलाची पेटी. मी बैलाच्या शिंगावर हात ठेवून जमिनीवर बसलेलो. त्यांचे डोळे भरून आले.

"वा! याले म्हणते जीव लावणं! एक घडी सोडला नाही ना बैलाले?"

"सुटतच नाही," मी म्हणालो. अगदी खरं बोललो!

"आजोबा, उशीर होऊन राहिला!" तेजस्विनीने चाकांच्या बैलाची दोरी ओढली. बैल निघाला, आणि बैलामागे मीही निघालो. वाकून!

स्वतःच्या निरोप समारंभात "आभारी आहे" एवढं बोलून खाली बसलेला मी. तो मी आता सगळ्या सौंसरदेखत, पताका लावलेल्या रस्त्यावरून, लेकरांच्या रांगेत अर्धा वाकून चाललो होतो! एका बाईने बोजारा, म्हणजे बैल मिरवणाऱ्या लेकराचा खाऊ, म्हणून माझ्या मोकळ्या हातात चॉकलेट ठेवलं. माझा बालमित्र गुणवंता ओट्यावरून ओरडला, "काय रे मोरेश्वर, यंदा कितवीत हायेस?" माइकवरून शाळेच्या अमिता मॅडम म्हणाल्या, "बालगटातले आपले सर्वांत उत्साही स्पर्धक, मोरेश्वर काका!" टाळ्या! धरणी दुभंगली असती तरी उपयोग नव्हता, बैल वर राहिला असता आणि मी त्याला लोंबकळत.

आणि परीक्षकांच्या टेबलासमोरच टप्पकन आवाज झाला. उजवं शिंग खाली पडलं!

पोरं खो खो हसायला लागली. रघुनाथराव गर्दीतून आले, शिंग उचललं, झटकलं आणि भोकात बसवून टाकलं.

"तु... तुटलं का?" मी विचारलं.

"तुटते कायचं? निघतेच ते. दोन्ही शिंगं निघते. पेटीत ठेवाले तशीच बनवली आजोबानं."

पुढचं मला फारसं आठवत नाही. तेजस्विनीला बक्षीस मिळालं म्हणतात. जे चिकटावं म्हणून मी दिवसरात्र तळमळलो, ते सुटावं म्हणून आता प्रार्थना करत होतो.

घरी रजनीने स्वयंपाकघरात कोमट साबणाचं पाणी आणि तेल लावून माझा हात सोडवला. थोडी कातडी बैलाकडे राहिली. बाहेर आलो तोवर रघुनाथरावांनी पेटी उघडून उजवं शिंग काढलं होतं आणि डावं पिळत होते. आधी बोटांनी. मग मुठीने. मग बैल गुडघ्यात धरून.

"निघून नाही राहिलं!" त्यांचा चेहरा लाल झाला.

मी भिंतीकडे पाहिलं. शेवटी रजनीच बोलली, "यायनं चिपकवलं, भाऊजी."

"काहून?"

"मला वाटलं, तुटलं," मी म्हणालो. "माझ्या हातून. वृषालीला काही बोलू नका. ती तर इथे नव्हतीसुद्धा."

 रघुनाथरावांनी बैल डाव्या शिंगाला धरून उचलला. हलवला. गदागदा हलवला. आजोबांचा सागवानी बैल हवेत लोंबकळत राहिला, शिंग तसूभर हललं नाही.

"मोरेश्वरजी," ते हळूच म्हणाले, "निघाले पाहिजे तवा ही शिंगं निघत नाही, अन् दरसाल नेमकी मिरवणुकीत पडते. आमच्या आजोबापासून लोकं हासून राहिले! पेटीचं काय, पेटी मोठी करून घेईन. हे दुसरं पण आत्ताच पक्कं करून द्या. कोणता गोंद लावला?"

गोंदाबद्दल माझा सल्ला कोणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं. आणि त्या शिंगाखाली पांढरा गोंद, त्यावर दोन नळ्यांचा, त्यावर मिनिटाचा! नेमका कोणता धरून बसलाय, हे फक्त बैलाला ठाऊक.

सध्या मी ओट्यावर तिन्ही गोंद मांडून बसलो आहे. रघुनाथराव समोर खुर्ची टाकून, "लावा जी, लावा!" म्हणून राहिले आहेत. तुमच्यापैकी कोणाला यातलं खरंच कळत असेल, तर लवकर सांगा. तोवर मी चष्मा पुसतो आहे.