खिडकीकडचा गाल

बोर्डावर स्वतःचा फोटो टाकायची अवदसा मला कुठून आठवली, देव जाणे!

आमचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. ‘आमचं’ म्हणजे गाडी एक, शिकवणारा मी आणि मालकही मीच. जुना बोर्ड उन्हानं इतका विटला होता, की लोक विचारायचे, इथे पूर्वी कसलं दुकान होतं हो? म्हणून नवा करायला टाकला. बोर्डवाला म्हणाला, चेहरा दिसला की गिऱ्हाइकाला विश्वास वाटतो. (चेहऱ्याचे तो वेगळे पैसे घेतो, हे नंतर कळलं.) गेलो फोटो काढायला.

फोटोग्राफरनं माझा चेहरा कॉम्प्युटरवर मोठा केला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला.

“काका, दोन्ही गाल तुमचेच ना?”

मी वाकून बघितलं. उजवा गाल पंख्याखाली बसून पेन्शन घेतलेल्या माणसाचा होता. डावा थेट खडी फोडणाऱ्याचा. याला कारण आमचा धंदा. शिकणारा स्टिअरिंगवर, मी शेजारी डाव्या खिडकीत, कोपर बाहेर आणि अर्धं तोंडही बाहेर. (समोरच्या रिक्षावाल्याला वेळेवर सावध करायला लागतं.) इतकी वर्षं ऊन काय ते याच गालानं खाल्लं.

“कानापुढचा हा डाग काढू?” त्यानं एक क्लिक केलं. डाग गायब! “इथला निघाला. तिथला मात्र डॉक्टरांना दाखवा.”

घरी येऊन मी ही गंमत म्हणून बायकोला सांगितली. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे गंमत लगेच हसण्यावारी नेत नाही, आधी तपासते. तिनं चष्मा लावला, मला हाताला धरून खिडकीशी नेलं आणि माझी हनुवटी वर केली.

“अहो, याची खपली निघते आणि पुन्हा धरते, हे कधी सांगणार होतात?”

“दाढी करताना कापतं गं.”

“रोज? नेमकं तिथेच?”

“ब्लेड खराब असेल.”

“दाढी गालावर असते. हा कानाला लागून आहे.”

झालं. दुसऱ्याच दिवशी मी कातडीच्या डॉक्टरांसमोर. तिशीतली बाई, चेहरा हसरा. मला बघताच म्हणाली, “सर! ओळखलंत?”

मी ओळखलं नाही. पण विद्यार्थिनी म्हटल्यावर छाती फुगली. बायकोकडे एक नजरही टाकून घेतली.

“मी दुभाजकावर गाडी चढवली होती,” डॉक्टरीणबाई हातमोजे चढवत म्हणाल्या, “आणि तुम्ही भर रस्त्यात म्हणाला होतात, बाई, एक दिवस तुमच्या हातून कुणाचा तरी जीव जाणार आहे.”

माझी छाती पूर्ववत झाली.

त्यांनी एका भिंगानं माझं तोंड, मान, हात सगळं इंचाइंचानं पाहिलं. मग म्हणाल्या, “हे चार-पाच खरखरीत डाग उन्हाचे आहेत. आज गारठवून टाकू, आपोआप गळून पडतील. कानापुढचा मात्र मला आवडलेला नाही. त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवू.”

“आवडलेला नाही म्हणजे?” बायकोनं विचारलं.

“तपासल्याशिवाय काही म्हणायचं नाही मला.”

मला खुर्चीत तिरकं बसवलं. डॉक्टरीणबाईंनी एक डबा उचलला, त्याच्या नळीतून पांढरी वाफ निघत होती. “घाबरायचं नाही हं सर. हात सैल सोडा. नजर समोर. मी आहे ना.” (ही माझीच वाक्यं! शिकवतो तीच!) नळी भुवईजवळ आली, आणि मला एकदम वाटलं, ही आता धडकवणार. आमच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो. इतक्या वर्षांचा पाय तो, माझं थोडंच ऐकतोय? दाबला सर्व शक्तीनिशी.

पायाखाली खरोखरच पेडल होतं. खुर्ची वर-खाली करायचं. मी घर्रर्र करत वर गेलो आणि भुवईवरचा फवारा थेट मिशीवर आला. डावी मिशी क्षणात पांढरीशुभ्र.

“सर!” डॉक्टरीणबाई ओरडल्या. “ते पेडल माझं आहे!”

बायको तोंडाला पदर लावून हसत होती, असं मला वाटलं. नीट पाहिलं तर डोळ्यांत पाणी होतं. हसूनही येतं म्हणा ते.

पुढचे दिवस कसे काढले, माझं मला ठाऊक. गारठवलेल्या डागांवर फोड आले, मिशीखाली तर टपोरा आला, तिथली मिशी भादरावी लागली. त्याचं काही नाही. जीव टांगला होता तो कानापुढच्या तुकड्यात. मी बसलो की उठायचो, उठलो की फोन बघायचो, फोन ठेवला की आरशात बघायचो. रात्रंदिवस एकच विचार, आपलं काही बरंवाईट झालं तर? गाडीत पण लक्ष लागेना. एक मुलगा सिग्नल तोडून गेला, मी गप्प.

“सर, तुम्हाला बरं नाही का?” त्यानंच गाडी बाजूला घेतली. “परवापासून एकदाही ओरडला नाहीत. भीती वाटते हो.”

आणि घरी? घरी बायकोनं जवळ बसावं, धीर द्यावा, एवढीच माझी अपेक्षा. तर ही रोज संध्याकाळी पर्स घेऊन बाहेर.

“कुठे निघालीस?”

“जादा तास आहे.”

“कालही होता!”

“परीक्षा जवळ आली की असतात,” एवढं म्हणून ती चपला घालायची.

मी इथे मरणाच्या दारात (निदान जिन्यावर तरी) उभा, आणि हिला दुसऱ्यांच्या पोरांच्या बेरजा-वजाबाक्या! मला इतकं लागलं मनाला, की दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, की तिच्या ते लक्षातच आलेलं नाही.

शेवटी रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी सावकाश समजावलं. नावात कॅन्सर होताच. पण हा जात्याच आळशी प्रकार, जागच्या जागी वाढणारा, सहसा लांब न जाणारा. मुळासकट काढला की बहुतेक वेळा काम संपतं. नंतर दर वर्षी तपासणी, टोपी, मलम आणि खिडकीची काच वर. काढायची तारीख मिळायला आणखी कितीतरी आठवडे गेले, पण तेव्हा निदान रात्री झोप लागत होती. जादा तास मात्र चालूच होते.

ऑपरेशन झालं. कानापासून कपाळापर्यंत पट्टी, डावा डोळा सुजून बंद. “सगळं निघालं असं दिसतंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण आज गाडीला हात लावायचा नाही, सर.”

“टॅक्सी बोलवू,” मी बाहेर येऊन म्हटलं.

बायकोनं माझ्या खिशातून किल्ली काढली. मला शेजारी बसवलं, पट्टा लावला, आरसा नीट केला आणि गाडी अशी अलगद बाहेर काढली की माझा उघडा डोळाही मिटेना. चौक, वळण, चढण. एकदाही धक्का नाही.

“तू… कधी?”

“तेच तर जादा तास.” तिची नजर रस्त्यावर. “तुकडा तपासायला गेला त्याच आठवड्यात सुरू केलं. रिपोर्टमध्ये काय येईल कुणाला माहीत होतं? दवाखान्याच्या फेऱ्या लागल्या असत्या तर तुम्हाला कुणी नेलं असतं? परवा लायसन्स मिळालं.” तिचा आवाज जरा ओला झाला. “फार घाबरले होते हो मी.”

हिच्याशी दोन दिवस अबोला धरणारा मी! डोळ्यातलं पाणी पट्टीत गेलं आणि टाके चुरचुरले. मी तिच्या हातावर हात ठेवला. “गिअर बदलायचाय,” ती म्हणाली. मी काढून घेतला.

“पण अगं, घरचं स्कूल असताना बाहेर कशाला?”

“लग्नानंतर एकदा बसले होते तुमच्या शेजारी. पुरे झालं तेवढं.”

“मग शिकलीस कुणाकडे?”

“चौकापलीकडच्या स्कूलमध्ये. मी म्हटलं, मी सरांच्या घरून आलेय. तर ते म्हणाले, काही हरकत नाही ताई, मग पहिले चार दिवस गाडी सुरूच करायची नाही, नुसती भीती घालवायची. सरांकडून येणाऱ्या सगळ्यांचं आम्ही तसंच करतो.”