गुणवंतभाऊंच्या क्रशरवरचा स्वच्छ ओटा

चंद्रपूर जिल्ह्यात धूळ आहे, हे मी कागदावर कधीच कबूल केलेलं नाही! अकरा वर्षं कारखान्यांची पर्यावरण तपासणी करतो, अहवाल लिहितो, आणि माझ्या हातचा एकही अहवाल आजवर परत आलेला नाही. ऑफिसवर माझा दहा फुटी पांढराशुभ्र फ्लेक्स आहे. एका बाजूला माझा हसरा फोटो, दुसऱ्या बाजूला ‘शुद्ध हवेची खात्री!’ लोक विचारतात, "लोकेशभाऊ, एवढी चांगली हवा तुमाले सापडते कुठी?" मी नम्रपणे हसतो. अहो, त्यालाच तर अनुभव म्हणतात!

कोरपन्याजवळ गुणवंतभाऊंचा गिट्टीचा क्रशर आहे. तो दिवसभर दगड फोडतो आणि आजूबाजूच्या गावांना फुकटात पावडर लावतो. त्याच्या प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्राची मुदत मार्चअखेर संपत होती. अधिकारी मॅडम येणार, हवा तपासणार. पटलं तर सही, नाही तर क्रशरला कुलूप!

"लोकेशभाऊ, कुलूप लागलं ना, तं तुमचा थो फ्लेक्स मी सोता उतरवून आनीन!" गुणवंतभाऊ म्हणाले. प्रेमानेच म्हणाले, पण हातात गिट्टीचा खडा होता.

"भाऊ, टेन्शन काऊन घेता? मी आहो ना!"

आता आमची विद्या ऐका. हवा तपासायचं मशीन म्हणजे एक पेटी. ती हवा ओढते आणि आतल्या पांढऱ्या कागदावर धूळ धरते. कागद जितका काळा, मालक तितका गोरामोरा. तेव्हा मशीन कुठे ठेवायचं, यातच सगळी कला! मी आवारात दोन तास फिरलो आणि ऑफिसमागचा सिमेंटचा मोठा ओटा निवडला. वारा तिकडून क्रशरकडे जातो आणि मधे भिंत. मशीन मांडलं आणि चौकीदार पत्रूला तंबी दिली, "पत्रूभाऊ, मॅडम आठ दिवसांनी येनार. तोवर रोज चारदा झाडाचं, तीनदा पानी माराचं. एक कन दिसला नाई पाह्यजे!"

नियमाप्रमाणे झाडांचा हरित पट्टाही हवा होता. नर्सरीतून दोनशे रोपं भाड्याने आणली आणि कुंड्यांसकट जमिनीत पुरली. अहवालात लिहिलं, ‘झाडे पाच वर्षांची.’ खरं तर अख्खा अहवालच लिहून झाला होता. मोजमाप तेवढं बाकी होतं, पण त्याचा आकडाही मी लिहून टाकला होता. मॅडमचा वेळ कशाला घालवायचा?

आठव्या दिवशी करिष्मा मॅडम आल्या. वयाने लहान, स्वतःची बॅग स्वतःच धरलेली. मला तिथेच घाम फुटायला हवा होता, पण मी ऐटीत म्हणालो, "या मॅडम, इकडची हवाच वेगळी आहे!"

ऑफिसमागे वळलो आणि पाहतो तर काय! ओटाभर मोहफुलं! लुगडी अंथरून, पसरून, इंचभर जागा न सोडता वाळत घातलेली. मधोमध माझं मशीन, लग्नात चुकून बायकांच्या पंगतीत बसलेल्या पाहुण्यासारखं! काठावर पत्रूची बायको बुधरी हातात काठी घेऊन, सोबत गावातल्या चार बाया.

"पत्रूभाऊ! हे काय करून ठेवलं?"

"तुमीच तं म्हनले साहेब, जागा साफ ठेव. एवढी साफ जागा पाहून बाया म्हनल्या, वाया काऊन घालवाची?"

मोहाच्या वासाने गावच्या बकऱ्याही आल्या होत्या. बुधरीने काठी उगारली, तशा त्या थेट माझ्या हरित पट्ट्यात घुसल्या! एकीने रोप धरून ओढलं. मुळं नाही आली, कुंडीच आली!

मॅडमने चष्मा सारखा केला. "पाच वर्षांचं झाड अजून कुंडीत?"

"मॅडम, इकडे वाढ जरा हळू आहे," मी म्हणालो. मागे उभ्या गुणवंतभाऊंना ठसका लागला.

मॅडम बुधरीशेजारी जाऊन बसल्या. "बाई, मोह घरी का नाही वाळवत?"

"घरी? आंगनात पांढरं लुगडं आथरलं तं दोपारपर्यंत राखडी होते! मोहावर हा भुकटा बसते. व्यापारी म्हनते, मोह विकून राह्यली का सिमेंट? निम्म्या भावात मांगते. आख्ख्या गावात साफ जागा हे एकच! लय चांगले साहेब हायेत, आमच्या मोहासाठी रोज चारदा झाडून घेतेत! उद्या तिकडल्या टोलीतल्या बायांचा नंबर हाय."

बिचारीने मनापासून आशीर्वाद दिला हो! मी मनातल्या मनात हात जोडले, बस कर माय! मॅडम सगळं लिहून घेत होत्या. मग त्यांनी माझ्या काखेतला अहवाल ओढला.

"मोजमाप आज सुरू होणार ना? मग निकाल कसा आला?"

"अंदाज, मॅडम."

"आणि खाली तारीख येत्या परवाची?"

"अंदाज पक्का असतो माझा," मी म्हणालो. जीभ अशा वेळी शत्रूच्या पगारावर असते!

हुकूम झाला: मोजमाप होईपर्यंत क्रशर चालू राहील, मशीन बुधरीबाईच्या अंगणात लागेल आणि तीन दिवस लोकेशभाऊ मशीनजवळ बसतील. पहिल्याच संध्याकाळी आतला कागद तव्याच्या बुडासारखा निघाला. क्रशरला कुलूप लागलं. धूळ झाकायला पत्रे आणि पाण्याचे फवारे बसले, तेव्हा कुठे महिन्याभराने उघडलं.

गुणवंतभाऊ शब्दाचे पक्के. फ्लेक्स उतरवला, क्रशरवर आणला आणि बुधरीला अंगणात अंथरून मोह वाळवायला देऊन टाकला! मॅडमच्या हुकमाने मी अजूनही दर आठवड्याला तिच्या अंगणात मशीन लावून बसतो, आणि बसलोच आहे तर बकऱ्याही हाकलतो.

परवा बुधरी कौतुकाने म्हणाली, "साहेब, तुमच्या मशीनपेक्षा तुमचा फोटो बरा! धूळ आली का पयले तुमच्या दातावर दिसते!"

मी फडकं घेतलं आणि फोटोतले दात पुसले. अजून हसतोच आहे मेला!