टाच निघाली फिरायला

पायाच्या प्रयोगासाठी येणाऱ्या माणसाचा पाय नेमका प्रयोगाच्याच दिवशी सकाळी मुरगळावा, याला काय म्हणावं? फोन ठेवून सूनबाई स्वयंपाकघराच्या दारातच मटकन खाली बसली.

चालताना माणसाचं पाऊल कुठे टेकतं, कसं वाकतं, कधी सुटतं, हे मोजण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. आज समिती प्रयोगशाळा बघायला येणार होती. काम पसंत पडलं तर चाल टिपणारे कॅमेरे तिच्याकडे राहणार. नाहीतर शेजारचा विभाग ते उचलायला टपूनच बसला होता.

"एवढंच ना? मी येते की," सासूबाई म्हणाल्या. "चालायचंच तर आहे."

सासूबाई शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांची पावलं वाजली की नातवंडं आपोआप पुस्तकं उघडत. अशी चाल कुठे मिळणार? सूनबाईने देवाचे आभार मानले. जरा घाईच केली.

प्रयोगशाळेत तिने सासूबाईंच्या पावलांवर, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, चमकणाऱ्या छोट्या गोळ्या चिकटवल्या. भोवतीच्या कॅमेऱ्यांना चकाकेल तेवढंच दिसे आणि संगणक ते ठिपके जोडून पडद्यावर पाऊल उभं करी. तेवढ्यात संचालकसाहेब पाहुण्यांना घेऊन आले. समितीच्या प्रमुख बाईंनी आपलं हसू बँकेत मुदत ठेवीत ठेवलं असावं, असा त्यांचा चेहरा होता.

पडद्यावर पाऊल उमटलं. त्याला इतकी बोटं होती, की साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"आई, नखांना काय लावलंय?" सूनबाई कुजबुजली.

"चंदेरी नेलपॉलिश. काल नातीने लावलं हौसेने. का, शोभत नाही?"

"शोभतंय हो, पण कॅमेऱ्यालाही आवडलंय!"

नखांवर कागदी पट्ट्या लागल्या. पावलाची बोटं जागेवर आली.

"हं, आता नेहमीसारखं चाला."

"नेहमीसारखं म्हणजे? बाजारात जाताना चालते तसं, की बस सुटताना?"

"सहज चाला, आई. चालण्याकडे लक्षच देऊ नका."

झालं! लक्ष देऊ नका म्हटल्यावर सासूबाईंचं सगळं लक्ष पायांत जाऊन बसलं. उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे गेला. त्या थबकल्या, आणि निघाल्या त्या डाव्या पायाबरोबर डावा हात घेऊन.

"माझ्या वर्गात कुणी असं चाललं असतं ना," त्या लाजून म्हणाल्या, "तर मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या!"

"अहो, सोपं आहे. हे असं," म्हणत साहेब मदतीला धावले. चार पावलं झकास टाकली, पण सगळे आपल्या पायांकडे बघताहेत हे ध्यानात येताच त्यांचाही पाय पायात अडकला. इकडे वळताना सासूबाईंच्या टाचेची गोळी सुटली होती. पायाखाली येऊ नये म्हणून त्यांनी ती उचलून खुर्चीवर ठेवली, आणि "ही तुझी गोळी" असं सुनेला सांगणार, तोच ओशाळलेले साहेब त्याच खुर्चीवर जाऊन टेकले. लगेच त्यांचा फोन वाजला. ते बोलत बोलत उठले.

पडद्यावर पाऊल जागच्या जागी होतं. टाच मात्र कमरेइतकी वर चढली आणि हवेतून डुलत डुलत चालू लागली.

"टाच कुठे निघाली?" समितीच्या बाईंनी विचारलं.

सूनबाईने पडद्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. त्यांच्या पँटवर, अगदी मोक्याच्या जागी, गोळी लखलखत होती.

"साहेब, तुमच्या मागे—"

"मागचं सगळं नंतर बोलू," साहेब फोनवर हात ठेवून म्हणाले. "पाहुण्यांसमोर मागचं उकरून काढू नका!"

"अहो, थांबा!" सासूबाई कडाडल्या.

तो मैदानभर ऐकू जाणारा आवाज कानी पडताच साहेब शाळकरी पोरासारखे दचकले आणि थांबायचं सोडून पळत सुटले. सासूबाई पाठोपाठ. पडद्यावर टाच पुढे आणि पाऊल तिच्या मागे, अशी शर्यत लागली. दाराशी गाठून सासूबाईंनी गोळी खुडली. साहेबांनी "आई गं!" म्हणून उडी मारली.

आणि समितीच्या बाईंची मुदत ठेव मोडली. डोळ्यांत पाणी येईतो त्या हसल्या, सूनबाई हसली, फोनवरचा माणूससुद्धा काय झालं म्हणून विचारू लागला. हसू दाबत सासूबाईंनी टाचेला पुन्हा गोळी लावून घेतली आणि हसत हसतच खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. पाय कसे पडताहेत याचं त्यांना भानच नव्हतं. पडद्यावरचं पाऊल टेकत होतं, वाकत होतं, सुटत होतं, पाण्याच्या लाटेसारखं.

"सुरेख!" समितीच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या. "कॅमेरे इथेच राहू देत."

पाहुणे गेले. साहेबांनी दार लोटून घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच बूट काढले.

"जरा माझीही चाल मोजता का? बायको म्हणते, मी बदकासारखा चालतो. एकदा शास्त्रीय निकाल लागू दे."

सूनबाई गोळ्या घ्यायला वळली. सासूबाई चपला घालत म्हणाल्या,

"त्यासाठी यंत्र कशाला, साहेब? मघाशी मी मागूनच धावत होते. वहिनींचं बरोबर आहे."