वानखडे मास्तरांची वर्गमुळं

वानखडे मास्तर वर्गमुळाचा आलेख आधी पायांनी काढत, मग हातानं. अमरावतीच्या आमच्या शाळेत ते गणित शिकवत, मी मराठी. मधल्या सुट्टीत धोतराचा सोगा खोचून ते मैदानावर चालायला लागले, की अख्खा वर्ग मागे. सरळ एक पाऊल गेल्यावर डावीकडे एक, चार गेल्यावर दोन, नऊ गेल्यावर तीन. "पाहा, निघते भरधाव अन् मंग सुस्तावते. पण थांबत नाही!"

एकदा नागपूरहून इन्स्पेक्टर साहेब आले, ते थेट मैदानात.

"हे काय चाललंय?"

"मुळाखाली तीन वजा केले, म्हणून रेघ तीन पावलं पुढं सरकवून राहिलो, साहेब. तुमी मधात आले. जरा बाजूले व्हा."

साहेब झाले की हो बाजूला! वर त्यांनीच शंका काढली, "मुळाखाली तीन वजा केले, तर रेघ मागे यायला हवी. पुढे का जाते?"

"मुळाखाली शून्य कुठं होते ते पाहा ना. तीनवर! मंग तिथूनच निघते. आपल्याले काय वाटते, याच्याशी तिले काई घेणंदेणं नाही."

साहेबांनी शेरा चांगला दिला, हा त्यांचा मोठेपणा.

दर शनिवारी शाळा सुटली की मास्तर बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरत. काखेत कागदांची गुंडाळी. कुठे निघालात विचारलं, तर म्हणत, "एक विद्यार्थी हाय तिथं. लय कडक." यावर आम्ही मास्तरमंडळी बऱ्याच गमती करायचो. एकदा मलाही अकोल्यात काम निघालं. "चला मंग घरी," म्हणाले.

घरी त्यांची धाकटी बहीण होती, गयाबाई. चाळिशीच्या, लहानपणी देवी आल्या त्यात डोळे गेलेले. मास्तरांनी कागद पसरले. चौकटी सुईनं टोचून उठवलेल्या, रेघेच्या जागी डिंकानं चिकटवलेला सुती दोरा. गयाबाईंची बोटं त्यावरून फिरली.

"हे तीन घरं उजवीकडं गेलं. अन् हे... दादा, हे तं पालथं पडलं!"

"कावून पडलं?"

"मुळाच्या आधीच वजा लावलं तुनं."

मास्तरांनी मांडीवर थाप मारली.

चहा झाल्यावर मी म्हणालो, "गयाबाई, तुम्हाला गणिताची भारी आवड दिसते."

त्या हसल्या. "आवड कायची, भाऊ! मी आंधळी, म्हणून जो येते तो मले भजन ऐकवते. दादा एकटाच 'चुकलं तुह्यं' म्हणते. मले लय बरं वाटते."

मास्तरांचं लक्ष नव्हतं. नव्या कागदावरचा डिंक वाळावा म्हणून ते फुंकर घालत बसले होते.