समजा, खेकडे आलेच नाहीत

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलरच्या खोलीत एकही पेन्सिल धड नव्हती. सगळ्यांवर चावे पडलेले, आणि चावे खेकड्यांचे. तानबाभाऊ बाजारात खेकडा घ्यायच्या आधी त्याच्यापुढे ऑफिसची पेन्सिल धरत. त्याने ती नांगीत पकडली आणि पेन्सिलीसकट हवेत लटकला, तर पास. नुसता डोळे वटारून बघत बसला, तर नापास. "ज्याले राग येत नाई, त्याच्यात समजा चव नाई," असं त्यांचं म्हणणं. मी तापट माणूस, त्यामुळे हे वाक्य ऐकताना मला थोडं अवघडल्यासारखं होई.

तानबाभाऊ माझे शेजारी आणि स्टँडवरचे कंट्रोलर. मी हायस्कुलात गणित शिकवायचो, म्हणजे 'समजा' हा शब्द माझ्याही पोटापाण्याचाच. पण मी मुलांना फक्त 'क्ष' समजायला सांगे, भाऊ वाट्टेल ते समजायला सांगत. लाउडस्पीकरवर ते पुकारायचे, "समजा, चंद्रपूरची गाडी दोन नंबरले लागली आहे." नवखा प्रवासी गोंधळायचा. गाडी लागली आहे, की लागली आहे असं धरून चालायचं? तो खिडकीशी येऊन विचारी. "मी खोटं काऊन बोलू जी? आता समजा, तुमी जाऊन पाहा," भाऊ म्हणत. तोवर चंद्रपूरची गाडी निघून गेलेली असे.

भाऊंची एकुलती एक मुलगी कमल. आई तिच्या लहानपणीच गेली, तेव्हा वेणीफणीपासून सगळं भाऊंनीच केलं. तिला अहेरीला दिली तेव्हा अहेरी आपल्याच जिल्ह्यात होती. पुढे गडचिरोली वेगळा जिल्हा झाला आणि भाऊ कितीतरी दिवस सुतक असल्यासारखे फिरत होते. "मास्तर, मी पोरगी जिल्ह्यातच देल्ली होती. सरकारनं समजा तिले उचलून दूर नेली." अहेरी जिथल्या तिथेच आहे, हे मी नकाशा काढून दाखवलं. त्यांना ते पटलं नाही.

पण त्यांचं खरं दुखणं वेगळं होतं. कमलचं सासर माळकरी. पाहायला आले तेव्हा व्याह्यांनी विचारलं, पोरगी मासोळी, मटण खाते काय? भाऊ म्हणाले, "समजा, नाई खात." व्याह्यांचं समाधान झालं. इकडे पोरगी दात आल्यापासून खेकड्यावर वाढलेली! भाऊ नांग्या फोडून पांढरा गर तिच्या ताटात ठेवायचे आणि स्वतः रश्श्याला भात लावायचे. लग्नानंतर अहेरीची गाडी सुटली की ते मला म्हणत, "पोरगी तिकडं उपाशी राहून राह्यली असन, मास्तर."

लग्नानंतर पहिल्यांदाच ती भर पावसाळ्यात, धानाचे रोवणे आटोपल्यावर माहेरी यायची होती. हाच खेकड्यांचा हंगाम. भाऊंनी बेत केला की अख्ख्या आळीला अंगणात खेकड्याचं जेवण द्यायचं. आळी नुसती निमित्ताला. मुलीला एकदा पोटभर खेकडे मिळावेत आणि अहेरीला त्याचा पत्ता लागू नये, एवढंच त्यांना हवं होतं. मला त्यांनी हे उघड सांगितलं, कारण पोतं उचलायला कुणीतरी लागणार होतं.

बाजारात मासे-खेकडे विकणारी ढिवराची बाई टोपल्या घेऊन बसली होती. धानाच्या बांधीतले काळेशार खेकडे, नांग्या पळसाच्या वाखाने बांधलेल्या.

"सारे द्या," भाऊ म्हणाले.

बाई गोंधळली. "सारे कसे देऊ जी? मंग मी दिवसभर कशाले बसू?"

"घरी जा ना, बाई!"

"घरी जाऊन काय करू? आज बाजार आहे."

तिला आपला माल एकदम खपतोय याचा आनंद झाला की दुःख, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. भाऊंनी एकेकाची एक नांगी मोकळी करून पेन्सिल-परीक्षा घेतली आणि पास झालेल्याचा उरलेला वाखही सोडून टाकला. मी म्हटलं, अहो बांधलेलेच राहू द्या. "बांधलेला केकडा रुसते, मास्तर. समजा, तुमाले बांधून ठेवलं, तं तुमची चव राहीन काय?" मेलेला खेकडा खायचा नसतो, तेव्हा गंजात, म्हणजे रश्श्याच्या पातेल्यात, पडेपर्यंत ते जिवंत राहिले पाहिजेत. ओलं गवत घालून त्यांना बारदान्यात भरलं आणि पोतं माझ्या खांद्यावर आलं. पाठीला आतून चिमटे बसत होते.

भाऊ ड्यूटीसाठी पुढे गेले. मागून मी पोतं घेऊन स्टँडवर पोचलो, तोच अहेरीची गाडी शिरली. कमल उतरली. तिच्या मागून पिशवी घेऊन, गळ्यात तुळशीची माळ घातलेले जावई उतरले. त्यांचं येणं ठरलेलं नव्हतं. भाऊंचा धीरच सुटला. समोर गाडी उभी, आणि लाउडस्पीकर ओरडला, "समजा, अहेरीची गाडी आलीच नाई!" उतरलेले प्रवासी एकमेकांकडे बघू लागले. एक म्हातारा तर पुन्हा गाडीत चढून बसला.

भाऊ धावत माझ्यापाशी आले. "मास्तर, समजा केकडे आलेच नाई. पोतं तुमच्या न्हाणीत ठेवा."

संध्याकाळी आळीतली माणसं ताटवाट्या घेऊन जमली. अंगणात तीन दगडांवर गंज चढलेला, आणि त्यात बटाटे. "आज आलूचा रस्सा आहे," भाऊ म्हणाले. मग खेकड्यांचं काय झालं, हे कुणी कानाशी येऊन विचारलं की ते माझ्याकडे बोट दाखवत आणि लोक माझ्याकडे संशयाने बघत. मला तर भाऊंची बाजू घ्यावी की आळीची, तेच कळेना.

माझ्या न्हाणीची मोरी भाऊंच्या अंगणात निघते, हे आम्ही दोघंही विसरलो होतो. पोत्यातून सुटून पहिला खेकडा आला तो थेट जावयांच्या चपलेकडे. मागून दुसरा, तिसरा.

"हा समजा मास्तरचा आहे," भाऊ म्हणाले.

"माझा कसा?" मी तडकलो.

जावई हसले. "भाऊ, तुमी काऊन घाबरून राह्यले? शिजवा. मी वरणभात खाईन. घरी काई सांगत नाई मी."

त्या क्षणी मला तो माणूस फार आवडला. भाऊंचा चेहरा तर असा उजळला की काही विचारू नका. सगळ्या आळीने अंगणभर वाकून खेकडे धरले, बटाट्यांचा गंज उतरला, दुसरा चढला, आणि तासाभरात पंगत बसली. भाऊ लेकीजवळ मांडी घालून बसले आणि नांग्या फोडू लागले. फोडायची, गर काढायचा, तिच्या ताटात ठेवायचा. बराच ढीग झाला तरी कमलचा हात हलेना.

"खाय ना माय."

"बाबा, मले नको."

"जवाईबापू काई म्हणत नाई, आयकलं ना तू?"

"त्याईचं नाई जी. सवय सुटली, मलेच वास सहन होत नाई आता." बापाकडे बघून तिने एक तुकडा तोंडात घातला, आणि तोंडाला पदर लावून उठून मागच्या दारी गेली.

मला फार वाईट वाटलं. खरं तर भाऊंना बरं वाटायला हवं होतं. पोरगी तिकडे उपाशी नव्हती, सुखाने जेवत होती. पण त्यांना काय वाटून घ्यावं तेच समजत नव्हतं. हात तसेच चालत राहिले, आणि दोन नांग्यांचा गर त्यांनी तिच्या रिकाम्या जागेपुढच्या ताटात ठेवला. मग ते जावयांकडे वळले.

"कमलले आता काय आवडते जी?"

जावई थोडे संकोचले. "माझी माय कढीगोळे करते. ते लय आवडते तिले. मागून खाते."

"मायजवळ मागते?"

"हो."

भाऊंनी हातातली नांगी खाली ठेवली, पंच्याला हात पुसले आणि जावयांजवळ सरकले.

"कसे करते जी त्या? मले सांगान काय?"